'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीमागचा हिशोब

प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगी २७ वर्षांची, इंजिनिअर, हिंजवडीत नोकरी. आजोबांनी पेठेत सुरू केलेलं भाजणी, मेतकूट, मसाल्याचं दुकान आहे, आता बाबा आणि काका बघतात, दोघांचीच पार्टनरशिप. आई आणि काकू मागच्या खोलीत भाजणं-कांडणं बघतात, चुलत भाऊ काउंटरला. विक्री सात-आठ वर्षं सव्वा कोटीच्या आसपासच फिरतीये. हिला नोकरी सोडून धंद्यात यायचंय तर घरचे म्हणतात तू काय लग्न होऊन जाणार. आणि तिचा प्रश्न असा, की आपले संस्कार, रीतिरिवाजच धंदा वाढू देत नाहीत का, मराठी माणसाला ते जमतच नाही का, आणि मी सरळ वेगळा ब्रँड काढू का.

वयाने मुलीसारखी आहेस म्हणून अगं-तुगंच करते, चालेल ना.

आधी ते मराठी माणसाचं बाजूला ठेव. मी २६ वर्षं पुण्यातल्या छोट्या दुकानदारांची अकाउंट्स, टॅक्स आणि बँकेच्या फाइली करतीये, माझ्याकडे मराठी, मारवाडी, कच्छी, बोहरी सगळे आहेत आणि गल्ल्यात जाणारा हात सगळ्यांचा सारखाच असतो. पुण्यातच बघ, चितळ्यांची डेअरी १९३९ ला भिलवडीला सुरू झाली, पुण्यातलं दुकान १९५० ला, घरचीच माणसं काही दुधाकडे काही विक्रीकडे अशी वाटली गेली. गाडगीळांची पेढी १८३२ ची, मूळ सांगलीची. १९६२ ला हुकमीचंद चोरडियांनी प्रवीण मसालेवाले सुरू केलं, घर मारवाडी आणि नाव झालं कशावर तर कांदा-लसूण मसाल्यावर. तेव्हा जातीने, भाषेने धंदा चालतो की बुडतो या गप्पा कट्ट्यावरच बऱ्या.

पण रीतिरिवाजाचा संबंध नाही असं मी म्हणत नाहीये. खूप आहे. फक्त लोक शोधतात तिथे नाहीये. माझ्या बघण्यात रीत धंद्याला अडवत नाही, रीतीचा खर्च वहीत कुठेच लिहिलेला नसतो तो अडवतो, आणि गंमत म्हणजे ज्या रीतीवर धंदा उभा राहिला तीच नंतर पायात येते. एक गल्ला, काकांचा शब्द, घरच्या बायकांचे बिनपगारी हात, या तीन गोष्टींवर तुझ्या आजोबांनी दुकान उभं केलं असणार, बँकेने तेव्हा दारात उभं केलं नसतं त्यांना. आणि आज तू अडकलीयेस ती पण याच तीन गोष्टींत.

"आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी घे. बाहेरचे लोक हसतात, पुणेरी माज म्हणतात. मला तो माज कधी वाटला नाही. छोट्या घरच्या धंद्यात शाखा म्हणजे भाऊ. जितके भाऊ तितके गल्ले, कारण गल्ल्याची किल्ली परक्याच्या हातात द्यायची नाही ही रीत. दोन भाऊ असले तर एक भट्टीवर एक काउंटरवर, तिसरा असता तर कोथरूडला दुकान निघालं असतं. तुझ्या घरात किल्ली धरणारे भाऊ दोनच, म्हणून एक दुकान. इतकं साधं आहे ते. आणि इकडे गिऱ्हाईक कुठे गेलं? पेठेतले वाडे पाडून बिल्डिंगी झाल्या, पोरं बावधन, वाकड, बाणेरला गेली, पेठेत गाडी लावायला जागा नाही, आई-वडील आहेत तोवर दिवाळीला येऊन पाच किलो भाजणी घेऊन जातात, पुढे ती पण येणार नाहीत.

माझ्याकडच्या कच्छी आणि मारवाडी दुकानांत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला दिसतो. गावाकडून नात्यातला किंवा ओळखीचा पोरगा येतो, चार-पाच वर्षं दुकानातच राहतो, जेवतो, शिकतो, आणि मग तोच मालक त्याला माल उधार देऊन दुसऱ्या भागात दुकान टाकून देतो. ती पण संस्कृतीच, फक्त तिथे नातं दुकान काढायला वापरलं जातं, आपल्याकडे नातं कशाला वापरतो आपण, तर भाच्याला बँकेत चिकटवायला ओळख निघते का बघायला. त्यांच्यातही त्या पोराचं शोषण होतं, पगाराचा पत्ता नसतो, ते मी छान म्हणत नाही. आणि खरं सांगायचं तर आता त्यांचीही पोरं गावाहून यायला तयार नाहीत, तेव्हा तेही बारकोड आणि रोजच्या स्टॉकवरच आलेत. विश्वासाचा माणूस नसेल तर विश्वासाचा हिशोब लागतो, रात्री काटा, शिल्लक आणि रोख जुळली की किल्ली कोणाकडे आहे याला फार अर्थ उरत नाही.

दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवण्याचं पण तसंच. विनोद करून करून लोक दमले. अगं दुकान खाली, घर वर, सकाळी सातला फळी उघडणारा आणि रात्री नऊला लावणारा माणूस एकच, त्याने जेवायचं कधी आणि पाठ टेकायची कधी? ती झोप म्हणजे दुसरा माणूस न ठेवण्याची किंमत होती. चितळ्यांनी २०१७ ला दुपारी पण उघडं ठेवायला सुरुवात केली तर त्याची बातमी झाली, पण बातमीत हे नव्हतं की त्यासाठी शिफ्ट लावाव्या लागतात आणि शिफ्ट लावायला मालक सोडून कोणीतरी जबाबदार लागतो. कायदा आड येत नाही हे पण सांगते, २०१७ च्याच नवीन दुकाने कायद्यात कामगार थोडेच असतील तर नोंदणीची कटकट नाही, नुसती सूचना द्यायची, दुकान वर्षभर रोज उघडं ठेवता येतं, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी द्यायची.

आता गल्ला. इथे मी जरा जास्त बोलणारे कारण नव्वद टक्के भांडणं माझ्या टेबलावर इथूनच येतात.

एक फरसाणवाले आहेत, दोन भाऊ, एकत्र कुटुंब, दरवर्षी मार्चमध्ये येऊन रडायचे, मॅडम धंद्यात काही राहत नाही. वहीत घरखर्चाला महिना ४० हजार, बाकी जी तफावत निघेल ती मी भांडवल खात्यात ओढून बसवायचे. एका वर्षी मी कंटाळले आणि म्हटलं एक करा, गल्ल्याच्या आतल्या बाजूला बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा लावा, दोरीने पेन बांधा, जो कोणी पैसे काढेल त्याने फक्त रक्कम आणि दोन शब्द लिहायचे, नाव लिहायचं नाही. नाव नाही म्हटल्यावर तयार झाले. महिना भाद्रपदाचा होता. पुठ्ठा माझ्याकडे आला त्यावर तेलाचे डाग आणि असं असं लिहिलेलं, दूध, इस्त्री, गॅस, मंडळ ५,००१, डॉक्टर, शाळा ३८,०००, गौरीची साडी, रिक्षा, परत दूध, "असंच ५००". बेरीज १ लाख १२ हजार. म्हणजे महिन्याला ७२ हजाराचा पत्ताच नव्हता, वर्षाला साडेआठ लाखाच्या वर. धंद्यात राहत नव्हतं असं नाही, राहत होतं आणि घर खात होतं. त्यात वाईट काही नाही, धंदा घरासाठीच असतो, पण मग मशीनला पैसे नाहीत असं म्हणू नका ना.

आणि खरी गोष्ट त्या ३८ हजारात होती. ती थोरल्याच्या मुलाची फी. धाकट्याला मूलबाळ नाही. सात वर्षं धाकटा काही बोलला नाही, दादाला कसं विचारायचं, पण त्याची बायको बोलत होती, घरात, भांड्यांच्या आवाजात. मग धाकट्याने काय केलं असेल? त्याने दुकानात नवीन काही करणंच सोडून दिलं. कुठलीही आयडिया काढली की तो म्हणायचा बघू. लोक म्हणतात एकत्र कुटुंबात निर्णय होत नाहीत, मला वाटतं निर्णय होत नाहीत कारण फायदा कोणाकडे जाणार हे कोणी उघड बोलत नाही, मग ज्याला शंका असते तो "बघू" म्हणत बसतो. आम्ही दोघांना सारखा पगार लावला, दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून, फी पण त्यातूनच. पहिले तीन महिने थोरल्या वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. नंतर बोलायला लागल्या. धाकट्याने दोन वर्षांत पॅकिंगचं मशीन आणलं, स्वतः राजकोटला जाऊन.

तुमच्याकडे भागीदारांना पगार लावायचा तर तो डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, लिहिलेला पाहिजे, नाहीतर फर्मला त्याची वजावट मिळत नाही, आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराचा पगार, व्याज वगैरे मिळून वर्षाला २० हजाराच्या वर गेलं की फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा. हे तुमच्या सध्याच्या कन्सल्टंटने सांगितलंय का विचार.

आता आई आणि काकू. हा प्रश्न तू विचारला नाहीयेस आणि मला वाटतं तुझ्या सगळ्या प्रश्नाची चावी इथे आहे.

माझ्या एका क्लायंटकडे, माल साधारण तुमच्यासारखाच, थोरल्या काकू भाजणीच्या मुख्य. वय ६४. त्यांचा गुडघा गेला तेव्हा सुनेने बॅच काढली आणि थालीपीठ कडवट, गिऱ्हाइकं परत, घरात आठ दिवस अबोला. सून म्हणे मी सांगितलं तसंच केलं, काकू म्हणत हिचं लक्ष नसतं. मी तेव्हा कर्जाच्या फाइलसाठी कॉस्टिंग काढत होते म्हणून इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसले. मी बाई असल्याचा एक फायदा हाच, मला दुकानात खुर्ची मिळते आणि मागे पाट पण मिळतो. काकूंना म्हटलं तुम्ही नेहमीसारखं घ्या, मी फक्त वजन लिहिते. चार मापटी ज्वारी, दोन बाजरी, एक हरभरा डाळ, अर्धं उडीद, धने, जिरे. आणि तिथेच दिसलं, ज्वारीचं मापटं काकू शीग लावून भरत होत्या, उडदाचं तळहाताने सपाट करत होत्या. सून सगळीच सपाट भरत होती. चार मापट्यांत ज्वारी तीनशे ग्रॅमच्या वर कमी पडत होती, म्हणजे त्या मानाने उडीद जास्त, आणि उडीद ती रंग बदलेपर्यंत भाजत होती, काकू वासावर उतरवत होत्या. काकूंना विचारलं तर त्या स्वतःच बघत राहिल्या, म्हणाल्या "असं होय, मला नव्हतं माहीत मी असं भरते."

मी म्हटलं आता हे सगळं ग्रॅममध्ये लिहून भिंतीवर लावू. काकू उठल्या आणि पाणी प्यायला गेल्या त्या आल्याच नाहीत. संध्याकाळी मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "लिहून दिलं की माझं काय काम उरलं?"

हे नीट वाच परत. त्या बाईचं फर्ममध्ये नाव नाही, पगार नाही, दुकान सासऱ्यांच्या नावाचं, तिच्याकडे एकच गोष्ट आहे तो तिचा हात, आणि आपण तिला म्हणतोय प्रोसेस डॉक्युमेंट करा. ती कशाला करेल? मी असते तर मी पण केलं नसतं. तिथे आम्ही क्रम उलटा केला, आधी काकू आणि सुनेला महिना १८-१८ हजार पगार, स्वतःच्या खात्यात, हजेरी आणि कामाचं स्वरूप कागदावर, कारण नातेवाईकाला दिलेला पगार कामाच्या मानाने वाजवी असला पाहिजे, नाहीतर टॅक्सला नामंजूर होतो. चार महिन्यांनी काकूंनी स्वतःहून सांगितलं, घे लिहून.

आणि आता आकडा बघ. दोघींचे मिळून वर्षाला ४ लाख ३२ हजार. माल वर्षाला साधारण १२ टन. किलोमागे ३६ रुपये. हे ३६ रुपये इतकी वर्षं किमतीत नव्हतेच. स्वतःच्या काउंटरवर विकताना ते जाणवत नाही, पण ज्या दिवशी डीलरला २०-२५ टक्के सोडून माल द्यायचा त्या दिवशी अंगावर येतं, बाहेरच्या दोन बाया लावल्या की फायदाच दिसत नाही. मग घरचे म्हणतात वाढवण्यात अर्थ नाही, आहे ते बरंय. त्यांचं चूक नसतं गं. घरच्या बायकांच्या फुकट हातावर बसवलेला भाव दुसऱ्या दुकानापर्यंत पोचतच नाही.

लग्नाचं एक सांगते. एका मसालेवाल्यांची कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी बँकेतून लागेल तसं उचलायच्या कर्जाची, लिमिट २५ लाख. डिसेंबरात मुलीचं लग्न, १४ लाख त्यातूनच काढले, नंतर भरू म्हणून. लग्न छान झालं, मी पण जेवून आले. नवीन मिरची बाजारात येते ती फेब्रुवारी ते एप्रिल, वर्षाची मिरची तेव्हा भरायची असते, आणि नेमकी तेव्हा लिमिटमध्ये उचलायला जागा नाही. मग वर्षभर मार्केट यार्डातून थोडी थोडी उधारीवर घेतली, सरासरी किलोला ४० रुपये जास्त गेले, चार टनावर १ लाख ६० हजार. लग्नाचे १४ लाख सगळ्यांना माहीत होते, त्यावर बोलून झालं, हे १ लाख ६० हजार फक्त मला दिसले. लग्न करू नका असं कोण म्हणेल, पण मुलगी विशीत आली की लग्नाची एक वेगळी आरडी धंद्याच्या बाहेर सुरू करा असं मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण हो म्हणतो.

कॅलेंडर हा तुझ्यासारख्या इंजिनिअर पोरींचा नेहमीचा घोळ, एक्सेलमध्ये ऑक्टोबर शेजारी ऑक्टोबर लावतात. लक्ष्मीपूजन २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, म्हणजे दोन्ही वर्षं चकलीच्या भाजणीचा जवळपास सगळा सीझन ऑक्टोबरात. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, म्हणजे ऑक्टोबरचा आकडा पडणारच, आणि बँकेतला नवीन साहेब विचारणार विक्री का घसरली. तिथीला तिथी लावायची, लक्ष्मीपूजनाच्या आधीचे वीस दिवस त्या वर्षी आणि या वर्षी. पितृपक्ष वेगळा काढायचा, श्रावण वेगळा. अधिकात, म्हणजे १७ मे ते १५ जून, लग्नं नाहीत, ऐन मे महिन्यात मंगल कार्यालयवाले, केटरर हातावर हात ठेवून, पण तुमच्याकडे अनारशाचं पीठ असेल तर जावयाच्या तेहेतीस अनारशांचा तोच सीझन. जुने लोक हे सगळं डोक्यात ठेवत, तुझ्या बाबांना विचार, ते कॅलेंडर न बघता सांगतील. तेव्हा सगळंच जुनं टाकायचं नसतं, त्यांच्या डोक्यातलं तुझ्या शीटमध्ये आलं तर तुम्ही दोघं मिळून बँकेला भारी पडाल.

भिशीबद्दल पटकन. वीस जण, दहा-दहा हजार, महिन्याला दोन लाख उचल, छोट्या दुकानदाराला आजही यापेक्षा लवकर पैसा कुठे मिळत नाही. सोन्याहून पिवळं, जोवर कोणी बुडवत नाही. बुडवली की कागद नाही आणि तक्रार कोणाची करणार, बुडवणारा मंडळाचा कार्यकर्ता नाहीतर वहिनीचा भाऊ. शिवाय २० हजार किंवा त्यावरची उसनवारी रोखीत घेतली तर टॅक्समध्ये तितकाच दंड बसू शकतो हे लोकांना माहीतच नसतं. फ्रिज घ्या भिशीतून, मशीन नको.

तुझ्या सव्वा कोटीवर मला शंका आहे ती पण सांगून टाकते. सात-आठ वर्षं सव्वा कोटी हा आकडा मला फार ओळखीचा आहे. जीएसटीच्या कम्पोझिशनची, म्हणजे छोट्या धंद्यासाठीच्या सोप्या योजनेची, मर्यादा दीड कोटी. विक्रीवर एक टक्का भरा आणि शांत बसा. पण त्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही आणि माल घेणाऱ्या दुकानदाराला टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे मोठी दुकानं तुम्हाला दारात उभी करणार नाहीत. तेव्हा धंदा अडकलाय की बाबा आणि काकांनी तो तिथे थांबवून ठेवलाय हे आधी विचार. साहेबाच्या नजरेत यायचं नाही ही आपल्या मागच्या पिढीची पक्की शिकवण, विक्रीकर, ऑक्ट्रॉयच्या काळात त्यांनी जे भोगलंय त्यातून आलेली. तिला हसू नकोस, फक्त आता त्याची किंमत काय ते मांडून दाखव.

आता "तू लग्न होऊन जाणार". यावर कायदा तुझ्या बाजूने आहे पण दोन गोष्टींची गल्लत करू नकोस. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क, हे २००५ च्या दुरुस्तीने आलं, आपल्या महाराष्ट्राने तर १९९४ ला अविवाहित मुलींना तो दिला होता, आणि ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात असायलाच हवे होते असं काही नाही. पण तुमचा धंदा एचयूएफ, म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबाचा, नाहीये, बाबा-काकांची पार्टनरशिप आहे, तिथे हा हक्क आपोआप लागू होत नाही, तिथे डीड चालतं. आणि तिथेच तुमचं खरं भगदाड आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यात डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर भागीदार गेला की फर्म संपते, आणि भागीदार दोनच असतील तर तसं कलम लिहून पण फार उपयोग नाही, एकटा माणूस कोणाशी भागीदारी करणार. देव करो आणि काही न होवो, पण झालंच तर तेराव्याच्या आत चालू खातं, जीएसटी, कॅश क्रेडिट सगळं लटकतं, मी ते बघितलंय, खांद्यावरचं उपरणं न काढता माणूस बँकेत उभा होता. म्हणून तिसरा भागीदार लागतोच. तो चुलत भाऊ असू दे आणि चौथी तू. लग्न झाल्याने भागीदारी सुटत नाही, आडनाव बदलल्याने तर नाहीच. हक्क मागायला गेलीस तर भांडण होईल, फर्म वाचवायला तिसरी सही लागते म्हणून गेलीस तर काका ऐकतील.

जागेचं पण बघून घे. दुकान पागडीचं असेल तर बँक ते तारण धरणार नाही. स्वतःचं असेल तर प्रॉपर्टी कार्डावर आजोबांच्या नंतर कोणाची नावं लागलीयेत बघ. माझ्याकडे एक फाइल अडीच वर्षं पडून होती कारण कार्डावर पाच आत्या, आणि भाऊबीजेला साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही कशी मागायची या संकोचात बाबा गप्प. शेवटी थोरल्या आत्यांनीच विचारलं, "काय रे, कागद आणत का नाहीस, आम्ही काय तुझं दुकान उचलून नेणारोत का?" सगळ्या आत्या अशा नसतात. कोणी वाटा मागितला तर तो तिचा आहे हे पण लक्षात ठेव, साडीवर भागवण्याची रीत आता जुनी झाली.

आणि एक गोष्ट जिचा मला मनापासून राग येतो. आपल्या मध्यमवर्गी घरात हुशार पोराला नोकरी आणि दहावीला आपटला त्याला दुकान, ही वाटणी तीस वर्षं चालली. मग म्हणायचं पुढची पिढी धंदा वाढवत नाही. दुकानदार मुलाला पोरगी मिळत नाही हे तर आता उघड गुपित आहे, दर वर्षी दोन-तीन घरं माझ्याकडे येतात, मॅडम या वर्षी रिटर्न जरा मोठं दाखवा, मुलाचं जमवायचंय. एरवी तेच लोक मला रिटर्न लहान करायला सांगतात. मी म्हणते एकदाच काय ते ठरवा. तुझा चुलत भाऊ काउंटरवर आहे म्हणजे कमी आहे असं तू मनात धरून गेलीस तर तुझं काही होणार नाही, कोणतं गिऱ्हाईक कितीची भाजणी नेतं हे त्याला पाठ आहे आणि तुला नाही.

वेगळा ब्रँड आत्ता काढू नकोस. हात काकूंचा, नाव दुकानाचं, तुझ्याकडे फक्त लोगो असेल आणि घरात दोन चुली होतील. नोकरी पण लगेच सोडू नकोस, शनिवार-रविवार दुकानात उभी राहा, गल्ल्याला पुठ्ठा लाव. घरात बोलायला लक्ष्मीपूजनाची रात्र धरू नकोस, वहीपूजनाला सगळे हळवे असतात आणि दमलेले पण, तुळशीचं लग्न झालं की दिवाळीचा हिशोब हातात येतो, तेव्हा बस, आणि आई-काकूंना आत चहा करायला पाठवू नका, त्या दिवशी चहा बाहेरून मागवा. जुनं पार्टनरशिप डीड, प्रॉपर्टी कार्ड आणि मागची तीन वर्षांची रिटर्न्स घेऊन मग माझ्यासारख्या कोणाकडे तरी जा. मी आधी एकच विचारेन, काकूंचं नाव पगाराच्या यादीत टाकायचं की भागीदारांच्या, ते घरून ठरवून ये.